उंबराचं पाणी

मागच्या महिन्यात बोरिवलीतल्या एका सभागृहात मला बोलायला बोलावलं होतं. पर्यटन वाढावं, पण निसर्ग आणि गावपणही टिकावं, यांचा समतोल कसा साधायचा, असा काहीसा विषय होता. बोलावणारी मुलं चांगली होती. "काका, तुम्ही खाडीपलीकडच्या गावातलेच, शिवाय या धंद्यात सगळ्यांत जुने," असं म्हणाली. मी गेलो आणि व्यासपीठावर बसलो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी 'समतोल' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की मी मोजायचं सोडून दिलं. पाळी आली तेव्हा बरं वाटत नाही असं सांगून मी खाली उतरलो आणि लाँचने घरी आलो. तिथे बोलायचं होतं ते इथे लिहितो आहे. इथे निदान कोणी टाळ्या वाजवणार नाही.

तो शब्द आमच्या पाड्यात पहिल्यांदा मीच आणला होता, विहिरीच्या काठावर उभा राहून आणि बायकांची तोंडं बंद करायला.

आमचं गाव बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती. भात, भाजीपाला आणि थोडी मासळी यांवर घरं चालायची. म्हणायला आम्ही मुंबईत होतो, पण ऐंशीच्या दशकात गावात नळ नव्हता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं, सगळीकडे खारं. त्या खाऱ्यात आमच्या पाड्याची एक विहीर गोड होती. तिच्या कडेला उंबर होता. विहीर आमच्या वाडीच्या हद्दीत असली तरी ती आमची आहे असं माझे बाबा कधी म्हणाले नाहीत. ती पाड्याची होती.

त्या विहिरीचा एक नियम होता. दुपारी जेवणं झाली की ऊन उतरेपर्यंत दोर सोडायचा नाही, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की सकाळपर्यंत नाही. "विहीर निजली," असं म्हणायचे. लहानपणी मी एकदा घंटेनंतर बादली सोडली तेव्हा शेजारची काकी ओरडली होती, "तुझ्या आयशीला पण असाच उठवतंस काय रं?" वाडीला पाणी रहाटाने द्यायचो. रहाटाला बैल होता. बैल दमला की पाणी थांबायचं आणि त्याबरोबर विहिरीलाही विसावा मिळायचा. हे सगळं का, हे कोणी सांगत नसे. आम्ही शिकलेली मुलं त्याला भाबडेपणा म्हणायचो.

दुसरी रीत लग्नाची. लग्नाच्या आदल्या दिवशी, घंटा व्हायच्या आत, वधूची आई रिकामी कळशी घेऊन विहिरीवर जाते. पुढे घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजत असतो, मागे मावश्या, माम्या गात असतात. पण पाणी ती स्वतः काढत नाही. नात्यातलं कोणीही काढत नाही. आई म्हणते, "पोरीला पाणी द्या." मग पाड्यातली एक शेजारीण दोर सोडते आणि तिची कळशी भरते. ते उंबराचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्याने वधूला न्हाऊ घालतात आणि मग देवळात नेतात. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पोर घरची असली तरी पाणी पाड्याने द्यायचं, म्हणजे पाडा तिला निरोप देतो. आमच्या पाड्यात हे पाणी द्यायचा मान काकीचा होता. माझ्या आईलाही, ती लग्न होऊन आल्यावर, पहिली कळशी भरून दिली होती ती काकीनेच.

मी अंधेरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. कारखान्याला टाळं लागलं. माझ्याबरोबर कांदिवलीचा माझा एक मित्रही रस्त्यावर आला. तो मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. त्या दिवसांत तो दर रविवारी आमच्याकडे यायचा, किनाऱ्यावर बसायचा आणि माणसं मोजायचा. किनाऱ्यावर सहलीला येणारे तेव्हा वाढायला लागले होते. बोरिवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठून कुठून स्टोव्ह आणि मटणाची पातेली घेऊन यायचे, घोडागाडीत बसायचे, आणि दुपारी आमच्या दारात पाणी मागायचे. आई सगळ्यांना द्यायची. भांडंही द्यायची. भांडं परत नाही आलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा द्यायची.

"मेल्या, तुझी आई धंदा करतेय आणि तिला माहीत नाही," मित्र म्हणाला. "ही माणसं पुन्हा का येतात? समुद्र तर गिरगावातपण आहे. इथं सावली आहे, गोड पाणी आहे आणि तुझ्या बहिणीच्या हातचं जेवण आहे. चार खोल्या टाक. झावळ्यांच्या टाक, शहरातल्यांना झावळ्या म्हणजे झकास वाटतं."

बहीण माझ्याहून बरीच लहान. बाटलीत भरून ठेवलेल्या आमच्या मसाल्याचं मटण आणि फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, ती अशा करायची की खाणारा बोटं चाटत राही. तिलाही ही कल्पना आवडली. तिला घराबाहेरची माणसं भेटायची हौस होती. आम्ही वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला खोल्या टाकल्या. मित्राने इंग्रजी नावाचा बोर्ड रंगवून आणला. पहिल्याच हिवाळ्यात शनिवार-रविवार एकही खोली रिकामी राहिली नाही. पाड्यातल्या बायका भाजी, अंडी, सुकी मासळी आमच्या दारातच विकू लागल्या. काकीसुद्धा वांगी घेऊन यायची. एवढ्या ओझ्याने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात जायचं तिचं वाचलं. ते वर्ष चांगलं होतं, हे मला नाकारता येत नाही. पुढचं सगळं वाईट झालं म्हणून ते वर्ष वाईट होतं असं म्हटलं तर ती आणखी एक लबाडी होईल.

मग बैल विकला आणि डिझेलचा पंप बसवला.

बायका विहिरीवर जमल्या. भांडायला नव्हे, विचारायला. काकी पुढे होती. "हा इंजिन दमतो कवा?" तिने विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसलो. आणि मग मी भाषण केलं. पाहुणे आले तर सगळ्यांचा फायदा आहे, पण विहीरही जपली पाहिजे. आपण दोन्हींचा समतोल साधू. पंप फक्त शनिवारी-रविवारी, तोही सकाळी, घंटेनंतर कधीच नाही. मी शिकलेला होतो, नीट बोलायचो. काकी म्हणाली, "मना काय कळत नाय ते. तू बोलतंस तर ठीक." तिने माझ्या तर्कावर विश्वास ठेवला नव्हता. बाबांच्या मुलावर ठेवला होता.

तो समतोल कसा ढळला हेही सांगतो. कोणत्याही एका दिवशी ढळला नाही. एका शनिवारी जास्त पाहुणे आले म्हणून दुपारी पंप लावला. मग दुपारचा पंप रोजचा झाला. मग मित्र म्हणाला, पलीकडच्या बंगलेवाल्याने पोरांसाठी पोहायची टाकी बांधलीय, आपल्याकडेही हवी, नाहीतर गिऱ्हाईक तिकडे जाईल. आम्ही सिमेंटची टाकी बांधली. समुद्र चार पावलांवर असताना माणसं गोड पाण्यात डुंबायचे पैसे देत होती. ती टाकी दिवसा भरली तर बायकांच्या बादल्यांना पाणी पुरेना, म्हणून ती घंटेनंतर भरायला लागलो. मला वाटलं, त्या वेळी तसंही कोणी पाणी काढत नाही. कोणाचं काही जात नाही. मी मनात अगदी असंच म्हटलं होतं. कोणाचं काही जात नाही.

बहिणीचं लग्न भांडुपच्या मुलाशी ठरलं. तारीख मे महिन्यातली. पाहुण्यांचाही हंगाम तोच.

पहिल्यांदा डाळीने सांगितलं. एका सकाळी बहीण म्हणाली, "दादा, डाळ शिजत नाय रे. कालपासून बघतेय." मी म्हणालो, डाळ जुनी असेल. नवी आणली. तीही दाणा दाणा राहिली. मग कळलं की काकीच्या घरीही शिजत नाही, पलीकडच्या घरीही नाही. चहात दूध फाटायला लागलं. काकीच्या वांग्यांची पानं कडेने करपली, जणू कोणी काडी लावली होती. मी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, ते खारं लागलं, तरी गिळलं. थुंकलो असतो तर ते मान्य केल्यासारखं झालं असतं.

विसावा न देता उपसलं की गोड्या पाण्याच्या जागी समुद्राचं खारं झिरपतं, हे तेव्हा कळलं. पण पंप माझा एकट्याचा नव्हता. तोपर्यंत किनाऱ्याच्या कडेने बंगले झाले होते आणि प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाचं इंजिन होतं. विहीर माझ्यामुळेच खारी झाली असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं जपून वापरलं. पण त्या बंगल्यांच्या जागा विकायला माणसं तयार झाली ती माझा धंदा बघून, आणि रात्रीचं इंजिन पहिल्यांदा लावलं ते मीच.

मी पंप बंद केला का? नाही. टाकी भरणं थांबवलं, ते लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी. खोल्यांचे आगाऊ पैसे घेतले होते आणि त्याच पैशांवर लग्न उभं होतं. लग्नाच्या स्वयंपाकाचं पाणी मित्राने बोरिवलीहून कॅन भरभरून होडीने आणलं. हे काम त्याने जीव तोडून केलं. त्याला दोष देऊन मला सुटता येत नाही.

प्रश्न उरला उंबराच्या पाण्याचा. आईला झोप नव्हती. पोरीला न्हाऊ घालायचं ते याच विहिरीच्या पाण्याने, यात तिच्यासाठी चर्चेला जागा नव्हती. मित्राने मला बाजूला घेतलं. "यार, एवढं काय घेऊन बसलास? कळशीत आधीच कॅनचं पाणी भर. मग विहिरीत बादली सोडल्यासारखं करायचं. कोणाला कळणार?"

मी हे आईला सांगितलं. माझी मजल तिथपर्यंत गेली होती. आई लुगड्याचा काठ शिवत होती. तिने वर पाहिलं नाही. बहिणीने ऐकलं आणि म्हणाली, "नाटक पाहुण्यांना दाखव, दादा. माझ्या अंगावर नको." मग थोडं थांबून, हसत म्हणाली, "खारं तर खारं. लोणचं टिकतं ना खाऱ्यात? माझं लग्नपण टिकेल." तिने ते मला सोपं करायला म्हटलं होतं. म्हणूनच ते अजून टोचतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घुमट वाजायला लागला. आई लाल लुगडं नेसून, डोक्यावर कळशी घेऊन निघाली. मावश्या, माम्या गात मागे. मी काकीच्या दाराकडे बघत होतो. दार लोटलेलं होतं. विहिरीवर पोहोचलो तेव्हा पाड्यातल्या बायका आपापल्या अंगणात उभ्या दिसल्या. कोणी रागावलेलं दिसत नव्हतं. पण पुढे कोणी येईना.

आईने कळशी खाली घेतली. "पोरीला पाणी द्या," ती म्हणाली.

घुमट थांबला होता. ती पुन्हा म्हणाली, "पोरीला पाणी द्या गं."

इतक्यात आवाज ऐकून खोल्यांमधले पाहुणे बाहेर आले. आमच्याकडे त्या आठवड्यात घाटकोपरचं एक कुटुंब उतरलं होतं, हसतमुख, पैशांवरून घासाघीस न करणारं. त्यातली बाई कॅमेरा नवऱ्याच्या हातात देऊन पुढे आली. "काय चाललंय? लग्नाचं आहे का? किती छान!" मित्राने तिला हौसेने रीत समजावली. शेजारीण पाणी काढते, मग कळशी भरते वगैरे. तिने माझ्याकडे बघितलं. "अय्या, मग मी काढू का? आम्ही पण तुमचे शेजारीच ना, दोन दिवसांचे!"

घंटा व्हायची वेळ झाली होती. आई कळशी धरून उभी होती. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने काकीच्या दाराकडे पाहिलं. मला फक्त तो प्रसंग संपवायचा होता. मी म्हणालो, "हो, काढा ना. काय हरकत आहे?"

त्या बाईने दोर सोडला. तिला ते जमेना, बादली आडवीच तरंगत राहिली, तेव्हा तिची मुलं हसली. मग मित्राने हात लावला. बादली वर आली आणि तिने आईच्या कळशीत ओतली, अर्धं बाहेर सांडलं. नवरा म्हणाला, "थांब, थांब, रीळ अडकलं. परत एकदा ओत." आणि तिने परत ओतल्यासारखं केलं. घुमटवाला गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला वाजव म्हणून खूण केली. तो वाजवू लागला. घंटा झाली ती त्या आवाजात ऐकूही आली नाही.

"किती सुंदर प्रथा आहे तुमची," जाताना ती बाई मनापासून म्हणाली. "जपून ठेवा हं."

मी तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीच्या आडोशाला मावश्यांनी बहिणीला न्हाऊ घातलं. मी बाहेर उभा होतो. आतून एक मावशी म्हणाली, "साबणाला फेसच येत नाय गं." दुसरी म्हणाली, "चोळ, चोळ." बहीण हसत काहीतरी बोलली. ती बाहेर आली तेव्हा तिचे केस वाळून राठ झाले होते आणि कानामागे पांढरी रेघ होती. आईने ती पदराने पुसली. देवळात पाद्रींसमोर ती गुडघे टेकून बसली तेव्हा मी आशीर्वाद ऐकत नव्हतो. मी ती रेघ पुन्हा उमटतेय का ते बघत होतो.

काकी देवळात आली होती, मागच्या बाकावर. जेवायला मात्र थांबली नाही. मी तिला फाटकाशी गाठलं. खरं तर भांडायलाच गेलो होतो. माझ्या मते तोवर दुखावलेला मीच होतो. "काकी, पोरीवर कशाला राग काढलास? तिनं काय केलं?"

काकी वळली. "राग? अरे, माझ्याकडं द्यायला काय होतं? पोरीच्या अंगावर खारं पाणी घालायचं काय मी? माझ्या हातानं?" तिचे डोळे भरले होते. "तिच्या आयशीला मी गोड पाणी दिलेलं. तिच्या पोरीला खारं नाय दिलं मी. तू दिलंस, दुसऱ्याच्या हातानं."

एवढं बोलून ती गेली. तिने नंतर माझ्याशी बोलणं टाकलं असंही नाही. भाव विचारायची, तब्येत विचारायची. पण पुन्हा त्या विहिरीच्या काठाला ती कधी आली नाही.

पुढची गोष्ट कोणालाही अंदाजाने सांगता येईल. वाडी करणं सुटलं. वांगी, मुळे, पालेभाजी यांतलं काही येईना. जमीन पिकत नाही म्हटल्यावर पाड्यातल्यांनी एकेक करून ती विकली आणि तिथे आणखी बंगले आले. मित्र कांदिवलीला परतला आणि नोकरीला लागला. मी मात्र खोल्या चालू ठेवल्या. पाणी टँकरने आणून चालू ठेवल्या. झावळ्या काढून पत्रे घातले, मग पक्कं बांधकाम केलं. आजही माझं घर त्यावरच चालतं. हे मी कुठल्या तरी जुन्या चुकीबद्दल लिहीत नाही. मी ज्यावर जेवतो त्याबद्दल लिहितो आहे. पाहुण्यांना गावची संस्कृती दाखवा असं हल्ली सगळे सांगतात. इतरांकडे शनिवारी बायका लाल लुगडी नेसून, कळश्या घेऊन नाचतात. माझ्याकडे अजून ते होत नाही. हा माझा सद्गुण नाही. मला ते बघवत नाही, इतकंच.

लग्नानंतर बहीण पहिल्यांदा माहेरी आली तो दिवस मात्र सांगायचा राहिला. मी तिला आणायला धक्क्यावर गेलो होतो. लाँच लागली. ती उतरली, नवऱ्याच्या एका हातात मिठाईचा पुडा, आणि तिच्या स्वतःच्या हातात पाण्याचा मोठा कॅन. भांडुपच्या नळाचं पाणी. लोक सासरहून माहेरी येताना काय काय आणतात. ही आईसाठी पाणी घेऊन आली होती. त्या ओझ्याने ती एका अंगाला कलली होती, आणि धक्क्यावरच्या ओळखीच्या बायका थांबून बघत होत्या.

मी धावत पुढे झालो आणि कॅनच्या कडीला हात घातला.

"राहू दे, दादा," ती म्हणाली.

"अगं, जड आहे."

"मला माहीत आहे जड आहे. भांडुपपासून आणलाय." तिने तो दुसऱ्या हातात घेतला. आवाजात राग नव्हता. "तू मिठाई घे हवं तर."

नवऱ्याने अवघडून पुडा माझ्या हातात दिला. ती पुढे चालू लागली. घोडागाडीवाल्याने हाक मारली तरी ती बसली नाही. पाणी हिंदकळेल म्हणाली. घरापर्यंत सगळी वाट ती तशीच चालत गेली, दर थोड्या अंतरावर हात बदलत, आणि मी मिठाईचा पुडा घेऊन तिच्या मागे चालत राहिलो.